चढ संपल्यावरची बसकण

मुलांनो, मनातल्या मनात एक सायकल काढा बरं. टायर दाबून बघा, हवा भरलेली हवी. बाटलीत पाणी घ्या. आणि आता अशा वाटेला लागा, जिथे मागून कुणी हॉर्न वाजवत नाही. या वाटेवर पूर्वी आगगाडी धावायची. रूळ कधीच उखडून नेले, आणि आता मोटारींना इथे मज्जाव आहे. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांनी लगडलेली काटेरी कुंपणं आहेत, कुंपणापलीकडे पांढऱ्या गाई. एखादी मान वर करून तुमच्याकडे बघेल. तिला बघून मान डोलवा आणि जरा भराभर पाय मारा, कारण आपली मंडळी पुढे गेली आहेत.

ती बघा, सगळ्यांच्या पुढे पिवळ्या हेल्मेटवाली. ती अपोलीन. यंदा तिला दहावं वर्ष लागलं आणि फ्रान्समधल्या वोझेल गावच्या सायकल मंडळाने तिला पहिल्यांदाच मोठ्यांच्या सफरीला घेतलं. दर वर्षी येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, गुरुवारी, ही मंडळी सकाळी निघतात आणि संध्याकाळी ल्वार नदीत पाय बुडवून बसतात. ही प्रथा पाडली अपोलीनच्या आजोबांनी, आँसेल्म आजोबांनी. आणि आज तेच सगळ्यांच्या मागे होते.

अपोलीनला सायकल शिकवली ती त्यांनीच. "बोलता येईल इतक्याच वेगाने चढायचं," असं ते सांगत, आणि स्वतः चढावर अखंड बोलत. गाई दिसल्या की त्यांना गावकऱ्यांची नावं देत. "ती बघ, कुंपणाला अंग घासतेय ना, ती गिस्लेन. आणि तो गवतात लोळणारा बैल म्हणजे आपला रेजिस."

रेजिस म्हणजे गावचा बेकरीवाला आणि मंडळाचा अध्यक्ष. गिस्लेन मावशी सारं आयुष्य सायकलवरून टपाल वाटून निवृत्त झालेली. तिच्या पिंढऱ्या दगडासारख्या होत्या आणि जीभ विळ्यासारखी.

पण आज अपोलीन सारखी मागे वळून बघत होती. सकाळी निघताना तिच्या आईने, ओदीलने, आजोबांची सायकल हातात धरून ठेवली होती. गेल्या सफरीहून ते पांढरेफटक होऊन परतले होते, ते ती विसरली नव्हती.

"बाबा, मी दुपारी जेवणाची गाडी घेऊन मोटारींच्या रस्त्याच्या फाट्यावर येते. तिथे तुम्हाला गाडीत बसावं लागलं, तर पुढच्या वर्षीपासून सायकल बंद. माझ्या शेजारी बसून सूपचं पातेलं सांभाळायचं."

"सूप सांडलं तर?" आजोबा म्हणाले.

"बाबा!"

"बरं बाई, ठरलं." त्यांनी तिच्या हातावर हात मारला आणि टांग टाकली. अपोलीनने मात्र पाहिलं होतं, हसताना त्यांचे डोळे हसत नव्हते.

जुन्या स्टेशनापर्यंत वाट सपाट होती. तिथून पुढे ती रुळांची जागा सोडून टेकड्यांवरून चढत-उतरत जाते. पहिला चढ अपोलीनने रेजिसच्या बरोबरीने मारला. वर पोचल्यावर सगळ्यांनी सायकली गवतात टाकल्या. रेजिसने पिशवी उघडून गूझेर, म्हणजे चीज घातलेले फुगीर गोळे, वाटले. अपोलीनने दोन खाल्ले, बुटातला खडा झटकला आणि चक्क आडवी झाली. बऱ्याच वेळाने खालच्या वळणावर आजोबांची निळी टोपी दिसली.

"आले, आले!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. "शाब्बास आँसेल्म! चला मंडळी!"

दुसऱ्या चढालाही तसंच. फक्त या वेळी आजोबा वर आले तेव्हा गिस्लेन मावशी अपोलीनच्या कानाशी लागली. "आज म्हाताऱ्याचं काही खरं नाही गं. तोंड बघ, लाल मुळ्यासारखं झालंय."

अपोलीनच्या काळजात चर्र झालं. तिसऱ्या चढाच्या पायथ्याशी तिने मुद्दाम वेग कमी केला आणि आजोबांच्या चाकाशी चाक लावलं.

"काय गं, दमलीस?"

"नाही. गाई बघतेय."

आजोबांनी एका गाईचं नाव सांगितलं, दुसरीचं अर्धवट सांगितलं आणि मग ते गप्प झाले. मधल्या वळणावर ते उतरले आणि सायकल ढकलत चालू लागले. अपोलीनही उतरली. दोघं वर पोचली तेव्हा टाळ्या झाल्या. अपोलीनने बाटलीचं झाकण फिरवलं, एक घोट घेतला, दुसरा घेणार, एवढ्यात रेजिस म्हणाला, "आले! चला मंडळी, फार वेळ झाला बसून!" सगळे टांगा टाकून उताराला लागलेसुद्धा. तिने घाईघाईने झाकण लावलं. निम्मं पाणी हातावर सांडलं.

चौथा चढ लांबलचक होता. आता आजोबांच्या श्वासाचा आवाज तिला चाकांच्या आवाजावरून ऐकू येत होता. तिचे स्वतःचेही पाय लाकडासारखे झाले होते. याचंच तिला नवल वाटत होतं. सकाळी ती या सगळ्यांच्या पुढे होती, आणि आता तर ती हळूहळू येत होती. मग दम का लागावा?

चढाच्या माथ्यावर मोटारींचा रस्ता वाटेला छेदून जातो. तिथे ओदीलची गाडी उभी होती. फळीवर पाव, लाल मुळे, लोणी, बकरीच्या दुधाचं चीज असं सगळं मांडलेलं. मंडळी केव्हाची येऊन बसली होती. ओदीलने वडिलांकडे एकदा पाहिलं आणि हातातला पाव खाली ठेवला.

"बाबा, ठरलं होतं आपलं."

आजोबा खाली वाकले आणि स्वतःच्या हाताने सायकलची पिशवी सोडू लागले. बक्कल निघेना. "दे गं, तूच काढ," ते ओदीलला म्हणाले. "सूप कुठलं आहे यंदा? बटाट्याचं असेल तर मी आत्ताच राजीनामा देतो."

कुणीच हसलं नाही. रेजिस पुढे होऊन हळूच म्हणाला, "आँसेल्म, वाईट वाटून घेऊ नका. आम्ही दर चढावर किती वेळ थांबलो, पण—"

"तुम्ही थांबलात," अपोलीन म्हणाली. "आजोबा कुठे थांबले?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने घामाने चिकट झालेलं तोंड बाहीने पुसलं.

"म्हणजे काय गं?" रेजिसने विचारलं.

"पहिल्या दोन चढांना मी तुमच्यात होते. बसले, खाल्लं, लोळले. मग दोन चढ आजोबांबरोबर आले. धड पाणीसुद्धा प्यायला मिळालं नाही. आम्ही पोचलो की तुम्ही 'चला' म्हणता! तुमचं बसून झालेलं असतं. आमचं सुरूच झालेलं नसतं. आजोबा सकाळपासून एकदाही बसलेले नाहीत, रेजिस काका. एकदाही!"

कुठेतरी एक गाय हंबरली. रेजिसने हातातला मुळा खाली ठेवला.

गिस्लेन मावशीने कपाळावर हात मारला. "अगं बाई! आणि आम्ही आपले टाळ्या वाजवतोय! टाळ्या वाजवून वाजवून माणसाला पळवतोय की रे!"

"पण वर थांबायचं हा नियम आँसेल्मनेच घातलाय," रेजिस पुटपुटला.

"तेव्हा मी पहिला पोचायचो," आजोबा म्हणाले. सोडलेली पिशवी त्यांच्या हातात तशीच होती. "मागच्यांचं मला काय ठाऊक? ते बिचारे कधी बोललेच नाहीत."

"तुम्ही तरी कुठे बोललात?" ओदील म्हणाली. तिची बाजूही खोटी नव्हती, मुलांनो. म्हातारा बाप तिला जिवंत हवा होता, एवढंच. शेवटी तिने सुस्कारा सोडला. "आधी पोटभर जेवा. मग आडवे व्हा. मी म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. त्यानंतर बघू. नदीपर्यंत आलात तर आलात. वाटेत हात टेकलेत तर मला फोन करायचा, आणि सायकल माझी. कायमची."

आजोबा जेवले. सगळ्यांना वाटलं तसे थोडेसे नाही, चांगले चीज संपेपर्यंत जेवले. मग अक्रोडाच्या झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन असे घोरू लागले, की कुंपणापाशी आलेली गाय दचकून मागे सरली. रेजिस दोनदा उठला, आणि दोन्ही वेळा गिस्लेन मावशीने त्याला पँटला धरून खाली बसवलं.

आजोबा जागे झाले तेव्हा सावली दुसऱ्या अंगाला गेली होती. ओदीलने त्यांचा चेहरा निरखला, मनगट धरून पाहिलं, आणि सायकलची पिशवी पुन्हा बांधून दिली.

पुढचा चढ सगळ्यांत मोठा. त्यानंतर दोन लहान, आणि मग नदी. अपोलीन आजोबांच्या चाकाशी चाक लावून निघाली.

"पुढे जा," आजोबा म्हणाले.

"मी तुमच्याबरोबर येते ना."

"नको. तू शेजारी असलीस की मी तुला दाखवण्यासाठी जोर लावतो. म्हातारा झालो तरी फुशारकी गेली नाही माझी. जा म्हणतो ना! गिअर आधीच बदल, चढ लागल्यावर नाही!"

ती गेली. जावंसं वाटत नव्हतं, तरी गेली. वळणावर तिने एकदा मागे पाहिलं. निळी टोपी सावकाश डुलत होती, थांबली नव्हती. मग तिने मान पुढे केली आणि पाय मारत सुटली, रेजिसच्या पुढे, गिस्लेन मावशीच्याही पुढे.

माथ्यावरून खाली दूरवर पाणी चमकताना दिसत होतं. एकेक करून सगळे पोचले, गवतात बसले. सगळे वळणाकडे बघत होते. अपोलीन गवताची काडी चावत होती आणि तिला त्या काडीची चव लागत नव्हती.

मग टोपी दिसली. मग खांदे. आजोबा सायकलवरच होते. वळण घेतलं, शेवटचा तुकडा चढले आणि वर येऊन त्यांनी पाय टेकले. चेहरा लाल होता, पण डोळे हसत होते.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि जुनी सवय ती, अंगात भिनलेली! रेजिस उठला. गिस्लेन मावशी उठली. सगळ्यांनी सायकली उभ्या केल्या, कुणी हेल्मेटचा पट्टा लावला, आणि रेजिस म्हणाला, "आले! चला मं—"

अपोलीन उठली नाही. तिने हेल्मेट काढून बाजूला ठेवलं, दोन्ही बूट काढले, मोजे काढले, आणि आजोबांसाठी शेजारच्या गवतावर हात थोपटत ती आडवी झाली.