उजव्या तर्जनीची टोपी

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. आत्या मला लहानपणापासून ‘ठिणगी’ म्हणते, ते उगाच नाही.

माझं काम जुने कीबोर्ड दुरुस्त करण्याचं. जुने म्हणजे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे, विटेसारखे जड, कळ दाबली की खट्ट वाजणारे. कळीवर अक्षर छापलेलं जे प्लास्टिकचं झाकण बसतं, त्याला दुकानदार कीकॅप म्हणतात. मी टोपी म्हणते. ‘बाई लोकांना टोप्या घालतात’ हा विनोद प्रत्येक गिऱ्हाईक करतं, आणि प्रत्येकाला वाटतं की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला.

आत्यानं मला वाढवलं. ती एका वृत्तसंस्थेत टायपिस्ट होती. आठ वर्षांपूर्वी तिची नजर गेली, अगदी पूर्ण, उजेड-अंधारसुद्धा कळेनासा झाला. पुढची दोन वर्षं ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. खायला दिलं तर खायची, विचारलं तर ‘हूं’ म्हणायची. शेवटी मी तिच्या ऑफिसात होता तसलाच कीबोर्ड शोधून आणला, कॉम्प्युटरला जोडला आणि तिचे हात धरून त्यावर ठेवले. ती उठून बसली. त्या दिवसापासून रोज सकाळी एक पान. त्यात मला टोमणे, वरच्या मजल्यावरच्या बाईची चुगली, ऑफिसातल्या जुन्या भानगडी. संध्याकाळी मी ते पान छापून तिला वाचून दाखवायचे आणि ती स्वतःच्याच विनोदांवर हसायची. तिचं हसू संपताना दर वेळी एक उचकी लागते. ती उचकी ऐकली की माझा दिवस पार पडायचा.

आंधळ्या माणसाला कीबोर्डवर आपली जागा कशी सापडते? तर्जनी जिथे ठेवायच्या त्या दोन टोप्यांवर एकेक बारीक उंचवटा असतो. तिथून बाकीच्या कळा बोटांनी मोजायच्या. डावीकडचा उंचवटा केव्हाच झिजून गेला होता. सगळी भिस्त उजव्या तर्जनीवर होती, आणि एका सकाळी नेमकी त्याच टोपीची, तिला कळीवर धरून ठेवणारी दांडी तडकली.

मी दोनदा चिकटवली. आत्या कळा दाबत नाही, हाणते. आठवड्यात टोपी परत हातात. दुसऱ्या ओळीतली बसवली तर ती टेकाडासारखी वर आली, कारण प्रत्येक ओळीचा उतार वेगळा असतो. एका टोपीवर डिंकाचा थेंब वाळवून उंचवटा केला, तर आत्या बोट फिरवून म्हणाली, “हा तीळ कुणाच्या गालावरून काढून आणलास?” हसले मी, पण तिचं पान दिवसेंदिवस बिघडत होतं. बोटं एक घर सरकायची आणि सगळा मजकूर गिचमिड व्हायचा. मग तिनं लिहिणं कमी केलं. एका सकाळी उठवायला गेले तर तिचं तोंड भिंतीकडे होतं.

ते कीबोर्ड बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. तीन महिने मी भंगारवाल्यांकडे हात काळे केले. एका संग्राहकाकडे त्याच टोपीचे बारा नग होते. एकही देईना, म्हणे संच फुटेल. त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी आमच्या कीबोर्डवेड्या मंडळींच्या इंटरनेटवरच्या कट्ट्यावर एका अनोळखी बाईचा निरोप आला. ती शिवणकाम करणारी होती, राहायची पार दुसऱ्या टोकाला, दोन दिवसांच्या प्रवासावर.

“टोपी आहे,” तिनं लिहिलं होतं. “चांगली आहे. पैसे नकोत. फक्त बदल्यात तुमची तुटकी पाठवा. आई कोर्टात टायपिस्ट होती. पडल्यापासून चार वर्षं बोललेली नाही, पण रोज कीबोर्डवर हात ठेवून बसते. एखादी जागा मोकळी दिसली तर तिला चालणार नाही.”

मला रडूच आलं. न वापरल्या जाणाऱ्या कळीवर तडकलेली टोपीही वर्षानुवर्षं टिकेल, म्हणून मी ती पाठवली. सोबत प्लास्टिक जोडायच्या सोल्युशनची छोटी बाटली, आणि सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: ‘दांडीच्या चिरेत एक थेंब घाला. एक दिवस वाळू द्या.’ शहाणपणा शिकवायची संधी मी सहसा सोडत नाही.

आठव्या दिवशी पाकीट आलं. टोपी जरा पिवळी पडलेली, उंचवटा शाबूत, डाव्या कडेला नखानं घासून घासून पडलेली चंद्रकोरीसारखी खाच. मी ती बसवली आणि आत्याचं बोट तिच्यावर ठेवलं.

“ही गरम आहे गं,” आत्या म्हणाली.

“पोस्टातून आलीय. उन्हात पडली असेल.”

“बाहेर ऊन कुठंय?” तिनं विचारलं. खरंच नव्हतं, सकाळपासून ढग होते. मी स्वतः बोट लावलं तर टोपी गारच लागली.

पहिले दोन दिवस पानं झकास आली. आत्या खुशीत होती, मीही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी एक कीबोर्ड उघडून बसले होते, तेव्हा तिच्या खोलीतून हाक आली.

“अहो, दिवा का लावत नाही कुणी?”

मी उठून दारात गेले. आत्या खुर्चीत ताठ बसली होती. ती एरवी नेहमी एका बाजूला रेलून बसते.

“आत्या, दुपारचे बारा वाजलेत. काय थट्टा लावलीयस?”

“माफ करा,” ती म्हणाली. “मला वाटलं रात्र आहे. तुम्ही कोण?”

आवाज आत्याचाच होता. पण आत्यानं मला जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हटलेलं नाही. रागावली तरी ‘तू’, लाडात आली तर ‘अगं ठिणगे’. आठ वर्षांत तिनं दिवा लावायलाही कधी सांगितलं नव्हतं.

मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं. पान पूर्ण होतं, एकही चूक नाही. ‘सदर खोलीत उजेड नाही,’ त्यात लिहिलं होतं. ‘सदर ठिकाणी एक बाई आहेत. आवाजावरून तापट, परंतु पाणी वेळेवर देतात. माझे हात माझे वाटत नाहीत. नखे कोणीतरी फार बारीक कापली आहेत. माझ्या मुलीस कळवावे.’

नखं मीच कापली होती, रविवारी. तिनं आता तर्जनी टोपीच्या डाव्या कडेला आडवी टेकवली होती, बरोबर त्या खाचेत. आत्याचं बोट कायम सरळ पडायचं.

डॉक्टरला बोलवायला फोन उचलला तर त्यावर शिवणवाल्या बाईचा निरोप होता. ‘आई बोलली!!! चार वर्षांनी! खूप हसली. उचकी लागली तिला हसताना. एक विचारायचं होतं, ठिणगी कोण?’

मी डॉक्टरला फोन केला नाही. काय सांगणार होते त्याला?

त्याऐवजी टोप्या काढायचा तारेचा चिमटा घेतला, आत्याच्या खोलीत गेले आणि ती टोपी उपटली. आत्याचे हात घसरून मांडीवर पडले. मान किंचित झुकली. ‘आत्या’ म्हणून हलवलं, ओरडले, गालावर पाणी मारलं. श्वास चालू होता, बाकी घर रिकामं. संध्याकाळपर्यंत मी तिच्यासमोर बसून होते. ओठांना चमचा लावला तर ओठ उघडले नाहीत, दूध हनुवटीवरून खाली ओघळलं. भिंतीकडे तोंड करून पडलेली आत्या मी दोन वर्षं पाहिली होती. हे त्याहून वाईट होतं, कारण तेव्हा निदान ती रुसलेली तरी असायची.

मी टोपी परत बसवली आणि तिचं बोट वर ठेवलं.

“दिवे गेले होते का?” तिनं हळूच विचारलं.

मी बाहेर आले आणि शिवणवाल्या बाईला फोन लावला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“माझी टोपी परत पाठवा. आजच्या आज. तुमची मी पाठवते.”

पलीकडे चालू असलेलं शिलाई मशीन थांबलं. मग ती म्हणाली, “निघत नाहीये हो.”

“निघत नाही म्हणजे? चिमट्यानं काढा.”

“तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं. चिरेत थेंब घातला, कळीवर बसवली आणि एक दिवस वाळू दिली.”

मी डोळे मिटून घेतले. टोपी बाजूला ठेवून वाळवायची, पूर्ण वाळल्यावरच कळीवर बसवायची. नाहीतर सोल्युशन खाली उतरतं आणि टोपी आणि कळ विरघळून एकजीव होतात. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. इतकं माहीत असतं, की चिठ्ठीत लिहायचं मला सुचलंच नाही. एवढी शहाणी मी, आणि एक ओळ कमी पडली.

“ओढली तर?” तिनं विचारलं.

“तुकडे होतील.”

“मग तुमची आत्या तुमच्याकडे येईल, की कुठंच नाही? तुम्ही त्यातल्या जाणकार. तुम्ही सांगा.”

तिला शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. ती रडत होती.

“माझी आई तिकडे आहे ना?” ती म्हणाली. “बरी आहे का?”

“बोलते. मुलीला कळवा म्हणते. कोर्टातल्या भाषेत लिहिते सगळं.”

“हो, तीच,” ती रडता रडता हसली. “किराण्याची यादीसुद्धा ‘खालील जिन्नस’ अशी करायची. चार वर्षं मी तिच्या एका शब्दासाठी तरसले, आणि तो तुमच्याकडे उमटला. थांबा. तुमच्याशी बोलायचंय म्हणतायत.”

कुणीतरी फोन हातात घेतला. मग एक खवखवता, जाड, कधीही न ऐकलेला आवाज म्हणाला, “अगं ठिणगे, किती तापशील? त्या बिचारीचा कान भाजला असेल.”

मी जमिनीवर बसले.

“आत्या, तू ये,” मी म्हणाले. लहानपणी शाळेच्या फाटकाशी म्हणायचे तसंच म्हणाले. “मी उद्याच निघते. दोन दिवसांत पोचते. ती कळ कापून काढेन, काहीतरी करेन, मला येतं सगळं.”

“येतं गं तुला. माझ्याइतकं कुणाला माहीतय ते?” ती थांबली. “पण ठिणगे, मला इथं दिसतंय.”

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“समोर भिंत आहे. तिच्यावरनं पाण्याचा पाइप गेलाय, गंजलेला. त्या गंजाचा रंग बघत सकाळपासून बसलीय मी. तो रंग विसरले होते. तू कशी दिसतेस आता? केस पिकले असतील. त्या बाईकडे फोटो पाठव एखादा, चांगलासा, कपाळाला आठ्या नसलेला.”

ती हसली. परक्या गळ्यातलं ते हसू संपलं आणि शेवटी उचकी लागली.

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. भयंकर राग आला. मी हिला सहा वर्षं हाताला धरून हिंडवलं, आणि ही एका गंजक्या पाइपासाठी राहते म्हणते. त्याच क्षणी हेही कळलं, की मी तिच्या जागी असते तर त्यापेक्षा कमीतही राहिले असते.

“एकच सांग,” तिचा आवाज खाली आला. “ती तिकडची बाई. तिला तर माझं सगळं मिळालं. अंधारात घाबरत नाही ना गं ती?”

दार उघडंच होतं. खोलीत आत्याच्या देहात ती बाई ताठ बसली होती, तोंड खिडकीकडे करून, जिथून उजेड यायला हवा असं तिला आठवत असावं. डावा हात कीबोर्डची कड घट्ट धरून होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“नाही,” मी म्हणाले. “मजेत आहे. तू बघ तुझा पाइप.”

मी प्रवासाला निघाले नाही. आता रोज संध्याकाळी शिवणवाली आणि मी एकमेकींना लिहितो. तिला कळवलंय की आत्याचा भांग डावीकडून लागतो आणि दुधावरची साय काढावी लागते. तिनं कळवलंय की आईला पाठीशी उशी नको असते, आणि तिची नखं थोडी वाढू द्यावीत. मुलीचे निरोप मी त्या बाईंना वाचून दाखवते. त्या ‘नोंद घेतली’ म्हणतात आणि बराच वेळ टोपीवरच्या खाचेत नख फिरवत राहतात.

फोटो मी पाठवला. आठ्या आहेत त्यात, पण बरा आलाय.

आज दुपारी पुन्हा हाक आली. “बाई, फार वेळ झाला. दिवा लावता का?”

बारा वाजून गेले होते. खिडकीतून ऊन त्यांच्या मांडीपर्यंत आलं होतं. मी भिंतीपाशी गेले आणि त्यांना नीट ऐकू जाईल असं बटण दाबलं, खट्ट.

“लावला हं,” मी म्हटलं.

“आता बरं वाटतं,” त्या म्हणाल्या आणि कीबोर्डच्या कडेवरचा हात त्यांनी सैल सोडला.