बसवलेला माणूस

लोक मला आजही विचारतात, चिंधा, तू तेव्हाच उठून का नाही गेलास? दार उघडं होतं, गल्ली मोकळी होती, एस.टी. स्टँड हाकेच्या अंतरावर. अरे, मी काय तिथं पान-सुपारी खायला गेलो होतो, की कंटाळा आला म्हणून उठून चालायला लागायचं? मला बसवलं होतं. बसवलेला माणूस उठत नसतो.

ज्यानं बैलबाजार पाहिला नाही त्याला हे फोड करून सांगावं लागतं. मी धुळ्याच्या बाजारात बैलांचा दलाल. जन्म त्यात गेला. बैल घेणारा म्हणतो, आधी गाडीला जुंपून पाहतो, मग पैसे देतो. मालक म्हणतो, खुशाल घेऊन जा, पण तुझा माणूस बसव. मग घेणाऱ्याचा भाऊ, मेव्हणा, जो कोणी बरोबर असेल तो मालकाच्या खुंट्याशी बसतो. बैल परत आला की मालक त्याला तंबाखू देतो आणि म्हणतो, उठा. तोवर जागा सोडायची नाही. चिठ्ठी नाही, चपाटी नाही, अख्खा बाजार यावर चालायचा. तरुणपणी मी कितीतरी जणांसाठी बसलो. बैल आलाच नाही म्हणून बसून राहायची पाळी माझ्यावर एकदाही आली नाही. आणि माझ्या पोराला, यादवला, ही रीत मीच शिकवली.

यादव पुढे धुळ्याला राहायला गेला. मोटारसायकली दुरुस्त करतो म्हणायचा. कोणाच्या गॅरेजात, किती मिळतं, विचारलं की तोंड फिरवायचा. त्याची आई द्रौपदा गेल्यावर गावाकडे येणंही थांबलं. ट्रॅक्टर आले, बैलांचा बाजार उतरला, मी घरी बसलो, तरी पोरगं विचारेना. आणि नव्वद सालच्या दिवाळीनंतर एक दिवस स्वतः दारात उभा. म्हणाला, आबा, जळगावला एक राजदूत विकायला आहे, सौद्याला तुम्ही चला, तुमच्यासारखा सौदा करणारा जिल्ह्यात नाही. मी वेडा, फुगलो. मोटारसायकलीतलं मला काय कळतं? पण पोरानं बोलावलं होतं. धुतलेलं धोतर नेसलो, नवी टोपी घातली, भाकरी बांधून घेतली. एस.टी.त त्यानं मला खिडकीशी बसवलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

घर जळगावात, बस स्टँडामागच्या गल्लीत. मालकाचं नाव जीवराम. विजेच्या खांबावर चढून तारा ओढायचं काम करायचा. खांबावरून पडला आणि डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. गाडी ओसरीत उभी, धुऊनपुसून ठेवलेली, हँडलला पुठ्ठा टांगलेला: विकणे आहे. त्याची बायको मंजुळाबाई म्हणाली, ही गाडी विकली की पिठाची गिरणी टाकायची, नाहीतर या माणसानं दिवसभर बसून करायचं काय? त्या घराचं पुढचं पोट त्या गाडीवर होतं, हे तिनं पहिल्या चहालाच सांगून टाकलं.

जीवराम मोठा सावध माणूस. म्हणाला, कोऱ्या कागदावर सही देणार नाही, अर्धे आज अर्धे उद्या चालणार नाही. पूर्ण पैसे हातात, मग दोघांनी आरटीओत जायचं, नाव तुमचं लागलं की चावी तुमची. त्याच्या ओळखीच्या एकानं गाडी अशीच तोंडी विकली, नाव बदललं नाही, घेणाऱ्यानं कोणाला तरी उडवलं आणि पोलीस आले ते जुन्या मालकाच्या दारात. मी मनात म्हटलं, हा बाजारातला माणूस आहे. मग आम्ही दोघांनी माझ्या उपरण्याखाली हात घातले, बोटं धरली आणि बाजारात करतात तसा खुणांनी सौदा केला. त्यालाही ती भाषा येत होती, त्याचा बाप शेतकरी. मी बोट दाबलं की तो हसायचा. मला चेव आला. शेवटी भाव ठरला आणि मी यादवकडे असं पाहिलं, की बघ, तुझा बाप अजून मेलेला नाही.

यादव म्हणाला, एकदा चालवून पाहतो. जीवराम म्हणाला, मागे मी बसलो असतो, पण हा पाय. बायकोला परक्या माणसामागे बसवणार नाही. यादवनं मनगटावरचं घड्याळ काढलं. जीवरामनं ते परत केलं. मग यादवनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“हे माझे वडील. हे बसतील तुमच्याकडे.”

जीवराम माझ्याकडे पाहून नरमला. म्हणाला, बाप बसवतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. आणि चावी दिली.

यादव मला म्हणाला, “आबा, तुम्ही बठा. मी एक चक्कर मारीसन येस.” किक मारली. आमची थैली त्यानं हँडलला अडकवली. त्या थैलीत माझी भाकरी होती, माझा मफलर होता. चक्कर मारायला निघालेला माणूस भाकरीची थैली कशाला नेईल? हे मला दिसलं. जन्मभर बैलाचे दात पाहिलेला माणूस मी, मला दिसणार नाही? दिसलं आणि मी मान दुसरीकडे वळवली.

बसलो खाटेवर. मंजुळाबाईनं परत चहा केला. मी पोराचं कौतुक लावलं, हात कसा हुशार आहे, आईवर कसा गेलाय. ओसरीतलं ऊन सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत गेलं. मंजुळाबाई एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली, मग दुसऱ्यांदा गेली. मी म्हटलं, पेट्रोल संपलं असेल. मग म्हटलं, पंक्चर असेल. जीवराम कुबडी मांडीवर घेऊन बसला. दुपारी तिनं माझ्यापुढे ताट ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. ते मला ऐकू जावं म्हणूनच म्हटलं होतं. मी जेवलो. भूक लाजत नाही.

चार वाजायच्या सुमारास गल्ली जमली. एक पोरगा म्हणाला, म्हातारा सामील आहे, आणि त्यानं मला कानशिलात दिली. टोपी उडून खाली पडली. दुसऱ्यानं हात उचलला तेव्हा जीवराम कुबडीवर उठला आणि ओरडला, खबरदार, त्याला माझ्या दारात बसवलंय. पोरं मागे सरकली. त्यांना कळलं काहीच नाही, पण सरकली.

मग अभिमन पुढे आला. शेजारीच राहायचा, शाळेत शिपाई होता, भला माणूस. त्यानं माझी टोपी झटकून माझ्या हातात दिली. म्हणाला, अरे, हे भामटे असंच करतात. स्टँडवरचा एखादा म्हातारा गोडीगुलाबीनं आणतात, बाप म्हणून बसवतात आणि पसार होतात. बाबा, तुम्हाला त्यानं स्टँडवरूनच आणलं ना? घाबरू नका. नुसती मान हलवा, मी स्वतः तुम्हाला गाडीत बसवून देतो.

सगळी गल्ली जवळ सरकली. मंजुळाबाईसुद्धा माझ्याकडे दयेनं पाहायला लागली. मान हलवली असती तर मी सुटलो असतो. यादवही सुटला असता, कारण त्याचं नाव-गाव तिथं कोणालाच माहीत नव्हतं. बाप म्हणून मला तेच करायला पाहिजे होतं, असं गावातले शहाणे आज सांगतात. पण मला त्या दयेचा असा राग आला म्हणून सांगू. मी काय स्टँडवरचा भिकारी? माझ्यावर या माणसानं चावी दिली होती. मी कोणाचाच कोणी नाही म्हटलं, तर त्यानं चावी दिली कोणावर? आणि घरी जाऊन मी कोणाचा बाप म्हणून दिवस काढायचे?

“तो मना पोऱ्या शे,” मी म्हणालो. “यादव चिंधा. धुळ्याला राहतो.”

अभिमननं कपाळाला हात लावला. रात्री जीवरामनं मला ओसरीतच पांघरूण दिलं. दार लावलं नाही.

सकाळी पोलीस चौकी. हवालदार जीवरामलाच हसला, म्हणाला, बैल गेला अन् झोपा केला. जीप जीवरामलाच भाड्यानं करावी लागली. हवालदार, जीवराम आणि मी निघालो. एरंडोल गेलं, पारोळं गेलं. धुळ्यात यादवची खोली कुठं ते मला माहीत नव्हतं. पण जुन्या मोटारसायकली मोडून सुटे भाग विकतात ती वस्ती माहीत होती, बाजारात जायची माझी वाट तिथूनच. मी बोट दाखवत गेलो. तिसऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये राजदूत उभी होती. नंबराची पाटी काढलेली, टाकी उतरवलेली. आणि तिच्यापाशी उकिडवा बसलेला यादव. शेजारी खिळ्याला आमची थैली टांगलेली.

जीवराम म्हणाला, हाच तो. यादव म्हणाला, मी जळगावला कधी गेलोच नाही, गाडी एका अनोळखी माणसाकडून घेतली. हवालदारानं मला पुढे ढकललं. म्हणाला, आणि हा तुझा बाप?

यादवनं माझ्याकडे नीट पाहिलं. चांगलं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“साहेब, मी या म्हाताऱ्याला ओळखत नाही.”

शहरी बोलीत बोलला. माझ्या तोंडाकडे पाहत तो जन्मात आमची बोली सोडून बोलला नव्हता. कानशिलात खाल्ली तेव्हा मला जे लागलं नाही, ते तिथं लागलं.

हवालदार वैतागला. म्हणाला, म्हाताऱ्या, खोटं कोण बोलतंय? मला बाजाराची रीत आठवली. तिथं जनावरावर दोघांनी हक्क सांगितला, तर खूण विचारतात. मालकाला खूण माहीत असते.

मी म्हणालो, साहेब, याच्या डाव्या मांडीवर बघा. आतल्या बाजूनं वीतभर व्रण निघेल. लहान होता, बाजारात एका मारक्या बैलानं शिंगावर घेतला. मांडी फाटली. मी माझा फेटा बांधला, याला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्यापर्यंत पळत गेलो. रक्त माझ्या पाठीवरून धोतरात उतरत होतं. हा माझा कान धरून होता. एकच बोलत होता, “आबा, माले सोडू नका.”

हवालदारानं यादवला उभं केलं आणि पँट खाली ओढली. व्रण होता. यादव मान खाली घालून म्हणाला, “आबा.” मग हवालदारानं पट्टा काढला. मला वाटलं, तो पट्टा हिसकून मीच हाणावा. मला असंही वाटलं, की त्याचा हात धरावा. दोन्हीतलं काहीच माझ्यानं झालं नाही, मी थैली खिळ्यावरून काढली आणि छातीशी धरून उभा राहिलो. भाकरी तशीच होती, कडक झालेली.

संध्याकाळी परत जळगावच्या चौकीत. गाडी टेम्पोत घालून आणली. तिथल्या मोठ्या साहेबांनी जीवरामला सांगितलं, गाडी कोर्टाकडून ताब्यात मिळेल, पण केस संपेपर्यंत विकता येणार नाही. ती किती चालेल ते कोणीच सांगू शकत नव्हतं. चौकीत येऊन थांबलेली मंजुळाबाई भिंतीला टेकून खाली बसली. गिरणी गेली, एवढंच म्हणाली. मला शिवी देईल असं वाटलं होतं, तिनं दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

जीवराम कुबडी टेकत माझ्या बाकड्यापाशी आला. खिशातून चंची काढली, तंबाखू मळली, चुना लावला आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“उठा, आबा,” तो म्हणाला. “गाडी आली.”

मी उठलो. त्या क्षणी माझे डोळे भरून आले, काय लपवायचं. दाराकडे वळतो तोच साहेबांनी विचारलं, या पोराला जामीन कोण राहणार? चौकीतले सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझ्या नावावर घर आहे, थोडी जमीन आहे, मी राहू शकलो असतो. कोठडीच्या गजांमागून यादव म्हणाला, “आबा, तुम्हनाबिगर माले कोन शे?” आता तो पुन्हा आमच्या बोलीत बोलत होता.

मी म्हणालो, “साहेब, एकदा बसलो. आता मला उठवलंय.”

तो हाका मारत राहिला. मी वळलो नाही. स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेलीच होती, अर्धी रिकामी. कंडक्टर म्हणाला, बाबा, बसा की, जागा आहे. मी धुळ्यापर्यंत उभाच आलो.