आरहूसचा पाम

“वरचा पट्टा खालच्यावर चढला पाहिजे! वरचा खालच्यावर! कौलं कशी असतात, तसा!”

“बाबा, मी कौलं कुठे बघितलीयेत? आपल्या ब्लॉकला होती का कौलं?”

निशिकांत टिपणीस नवव्या मजल्यावर, पंख्याखाली, बनियनवर बसून फोनवर ओरडत होते. सिंगापूरच्या बुकित बातोकमधली दुपार अशी तापली होती की खाली, इमारतीच्या तळाशी मोकळ्या व्हॉइड डेकवरची मांजरंसुद्धा फरशीला पोट लावून पडली होती. आणि फोनच्या पडद्यावर त्यांची मुलगी क्षिप्रा, डेन्मार्कमधल्या आरहूस गावी, आपल्या घरामागच्या अंगणात, लोकरीची टोपी कानांवर ओढून शिडीवर चढली होती आणि एका पामच्या झाडाला वेष्टणाचे जाड पट्टे गुंडाळत होती. जावई सारंग एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरून उभा होता. त्याच्या श्वासाची वाफ मध्येच कॅमेऱ्यासमोर यायची आणि मुलगी, झाड, शिडी सगळंच नाहीसं व्हायचं.

“अख्ख्या मजल्याला कळलं बरं का, टिपणिसांकडे आज पट्टा चढतोय,” धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन जाता जाता साधना म्हणाली.

“तू थांब गं. क्षिप्रा, टेप लाव. जोडावर दोनदा लाव. एक थेंब आत जाता कामा नये!”

हे बोलताना त्यांच्या आवाजाला जी धार आली होती, ती घरात कुणी फारशी ऐकली नव्हती. ती जुरोंग आयलंडवर, तेलशुद्धीकरणाच्या बेटावर, ऐकू यायची. निवृत्त होईपर्यंत पंचवीसेक वर्षं निशिकांत गळ्यात पास अडकवून पहाटेच्या कंपनी-बसने बेटावर गेले आणि त्यांनी एकच काम केलं. पाइप गरम ठेवले. सिंगापुरात गरम काय ठेवायचं, असं नातेवाईक हसून विचारायचे. पण जड तेल या उकाड्यातही साजूक तुपासारखं थिजतं आणि मैलभर पाइपात ते थिजलं की अख्खा प्लांट बसतो. म्हणून पाइपाला विजेची तार गुंडाळायची, तारेवर लोकरीसारखं जाड वेष्टण, त्यावर पत्रा, आणि पत्र्याचा प्रत्येक जोड असा बंद करायचा की पावसाचा थेंब आत शिरू नये. आत पाणी गेलं की पाइप सडला. वेष्टण कसं करावं ते टिपणिसांकडून शिकावं, असं तिथे म्हणत. घरी मात्र त्या कौशल्याचा उपयोग शून्य. घरी ते पाळीवरून यायचे आणि झोपायचे. बाबा झोपलेत म्हणून आवाज न करता दार उघडायला क्षिप्रा शाळेत जायच्या आधीच शिकली होती.

मोठी होऊन ती लग्न करून डेन्मार्कला गेली, पवनचक्क्यांच्या कंपनीत लागली, तेव्हाही बापलेकीचं बोलणं ठरलेलं होतं. कशी आहेस? बरी आहे. थंडी? आहे. मग “आईला देतो” म्हणून फोन साधनाच्या हातात. प्रेम नव्हतं असं नाही. होतं, पण ते पोचवायची पाइपलाइन कुणी टाकलीच नव्हती.

मग हा पाम आला. तिकडचा पहिला हिवाळा क्षिप्राला फार जड गेला. दुपारी चारलाच अंधार, महिनोन् महिने झाडांना पान नाही. वसंतात ती रोपवाटिकेत गेली आणि पंख्यासारख्या पानांचा, डोक्याहून उंच पाम घेऊन आली. थंडी सोसणारी जात आहे, पण हिवाळ्यात जपावं लागेल, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. “आपल्या बस स्टॉपजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं गं, आई,” ती म्हणाली. फोन स्पीकरवर होता. निशिकांत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि आपणहून विचारलं, “हिवाळ्यात त्याला गरम कसं ठेवणार?”

त्या प्रश्नाने दोघांचं आयुष्य बदललं म्हटलं तरी चालेल. उन्हाळाभर खलबतं झाली. कुठली तार, किती वॉटची, थर्मोस्टॅट कुठे बांधायचा. निशिकांत आकृत्या काढून पाठवायचे. क्षिप्रा इंजिनिअर, ती उलटे प्रश्न विचारायची, मधेच सिंगापुरी ‘लह’ लावून. “बाबा, टू मच लह, हे झाड आहे, रिफायनरी नाही!” आणि दोघं हसायची. फोन साधनाकडे जायचाच नाही. ती खोटं खोटं रागवायची. “माझी ती परदेशातली पानांची सवत बरी आहे ना?” म्हणून रोज विचारायची.

नोव्हेंबरात वेष्टण पुरं झालं. शेवटी प्लास्टिकची टोपी चढली, टेप बसली आणि अंगणात एक पांढरा खांब उभा राहिला. निशिकांतनी तो सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवायला लावला, म्हणजे सारंगला फिरायला लावलं. कुठे फट नव्हती. असं काम त्यांनी बेटावरही क्वचितच पाहिलं होतं.

आणि मग हिवाळा आला. निशिकांतनी आयुष्यात हिवाळा पाहिलेला नव्हता. पुण्यातली डिसेंबरची स्वेटरं म्हणजे हिवाळा नव्हे, हे त्यांना आता कळत होतं. क्षिप्रा रोज सकाळी फोटो पाठवायची. कुंपणावर बर्फाची उशी. नळाच्या तोंडाशी लटकलेली काचेची जीभ. आणि तापमापकाचे दोन आकडे, बाहेरचा आणि वेष्टणातला. एके सकाळी बाहेर उणे अकरा होतं आणि आत अधिक सहा. ते खाण्याच्या ठेल्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कोपी, म्हणजे तिथली दाट कॉफी, पीत होते, कपाळावरून घाम निथळत होता, आणि हातातल्या फोनमध्ये पांढऱ्याशुभ्र जगात एक झाड त्यांच्या तारेने ऊब धरून उभं होतं. त्यांच्या अंगावर काटा आला. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी चिनी आजोबांना त्यांनी तो फोटो दाखवला. “इन्साइड, ट्री. अलाइव्ह,” ते म्हणाले. आजोबांनी चष्मा वर करून निरखून पाहिलं आणि म्हणाले, “वाह, सो कोल्ड, स्टिल कॅन अह?” निशिकांतनी मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी आजोबांच्या कोपीचे पैसे दिले.

एप्रिलमध्ये वेष्टण उघडायचं ठरलं. शनिवार होता, साधनाही सोफ्यावर येऊन बसली. क्षिप्राने टोपी कापली, पट्टे सोडवले. पानं हिरवी दिसली तसे निशिकांत खुर्चीच्या टोकाशी सरकले. पण क्षिप्राने नाक मुरडलं.

“बाबा, वास येतोय. कुजल्यासारखा.”

“मधला कोंब बघ. मिटलेलं पान असतं ना, वर आलेलं, ते. हलक्या हाताने ओढ. घट्ट असायला हवं.”

तिने ओढलं. कोंब लोण्यातून सुरी निघावी तसा निघून हातात आला. खालचं टोक तपकिरी होतं, त्यातून लगदा गळत होता. ती तो हातात धरून नुसती उभी राहिली. मग तिने वेष्टणाची आतली बाजू कॅमेऱ्यासमोर धरली. त्यावर पाण्याचे थेंब दाटले होते आणि काळी बुरशी चढली होती.

निशिकांतना सगळं एका क्षणात उमगलं. बाहेरचा एक थेंब आत गेला नव्हता. पण झाड श्वास टाकतं, त्या श्वासालाही पाणी असतं, आणि ते जायला त्यांनी सुईच्या अग्राएवढी फट ठेवली नव्हती. पाइपाला श्वास लागत नाही. त्यांनी आयुष्यभर पाइपच गुंडाळले होते.

“इट्स ओके, बाबा. खरंच,” क्षिप्रा म्हणाली. तिचा आवाज ओके नव्हता.

“हं,” ते म्हणाले. “आईला देतो.”

त्यानंतर फोन वाजला की निशिकांत आंघोळीला तरी जायचे किंवा दूध आणायला तरी. घरात इतकं दूध साठलं की साधनाने तीन वेळा खीर केली. चौथ्या वेळी तिने पातेलं ओट्यावर आपटलं.

“अहो, झाड मेलंय. मुलगी नाही मेलेली.”

“माझ्यामुळे मेलं.”

“मग? तिने काय म्हटलं तुम्हाला? ती विचारते, बाबा कुठेत, आणि मी रोज नवीन थाप मारते. तिला आता तुमच्याशी बोलायची सवय लागलीय. तिशीत लागली एकदाची, ती पण तुम्ही मोडणार?”

निशिकांत उठले. चपला घालून खाली उतरले.

ब्लॉकच्या बाहेर, कार पार्कच्या कडेने पामची रांग होती. याच रांगेसमोरून ते इतकी वर्षं बसला गेले होते आणि एकदाही मान वर केली नव्हती. आज केली. उंच, गुळगुळीत खोड, आणि सगळ्या पानांच्या मधोमध, आकाशात रोवलेला एक मिटलेला कोंब. कुणी याला गुंडाळत नाही, कुणी जपत नाही, कचऱ्याची गाडी याला घासून जाते, आणि हा आपला वर चाललेला आहे. गेले काही दिवस ते लपूनछपून वाचत होते. आंब्याची फांदी तोडली तर दुसरीकडून फुटते. पामला दुसरीकडे नसतं. त्याचा सगळा जीव त्या एका गाभ्यात, तो गेला की संपलं. पण वाचताना आणखी एक गोष्ट कळली होती. कधी कधी कोंब कुजतो आणि त्याच्या बऱ्याच खाली गाभा जिवंत असतो. बाहेरून कळत नाही. वाट पाहावी लागते.

हे क्षिप्राला सांगायला हवं होतं. पण कुठल्या तोंडाने? दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर दुसऱ्याचं तोंड पोळवून झालं होतं. पुन्हा सल्ला द्यायचा, तिने तो पुन्हा मनापासून ऐकायचा, आणि पुन्हा काहीच उगवायचं नाही. मग मात्र बापलेकीत “कशी आहेस, बरी आहे” एवढंच उरलं असतं. त्यांनी खोडावर तळहात ठेवला. उन्हाने खोड कोमट झालं होतं. तिथेच उभं राहून त्यांनी फोन लावला. मुलीला आपणहून फोन लावायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

“बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?”

“आई बरी आहे. तो पाम… काढलास का?”

“उद्या काढणारोत. सारंगने फावडं आणलंय. ते बघवत नाही, बाबा.”

“काढू नकोस.” ते भरभर बोलू लागले, थांबलो तर बोलणं होणार नाही अशा भीतीने. “मी चुकलो होतो, क्षिप्रा. मी त्याला पाइप समजलो. आताही चुकत असेन. पण आत गाभा जिवंत असू शकतो. जखम धुवायचं औषध मिळतं ना, फेस येतो ते? ते वरून ओत. कुजलेलं पुसून काढ. आणि उघडा ठेव. काही बांधू नकोस. वारा लागू दे. मग नुसतं थांबायचं.”

“किती दिवस?”

“माहीत नाही.”

त्यांना वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, “बरं. थांबू.” आणि मग म्हणाली, “पण बाबा, थांबायचं तर तुम्ही पण थांबायचं हं. मी एकटी नाही थांबणार.”

मे गेला. ती फोटो पाठवायची, पानांच्या मधे नुसतं भोक. जून अर्धा गेला, जुनी पानंही पिवळी पडू लागली. पण आता ते फोनवर यायचे. झाडाचं बोलणं दोन वाक्यांत संपायचं आणि तरी फोन चालू राहायचा. लहानपणी ती बाबांच्या उशाशी येऊन त्यांचं घोरणं ऐकत बसायची, हे तिने एकदा सांगितलं. त्यांना ते माहीतच नव्हतं. साधना हळूच उठून आत जायची.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी फोन आला. क्षिप्राने थेट कॅमेरा झाडाच्या माथ्याशी नेला.

भोकातून एक पान वर आलं होतं. कसलं पान! वरचा अर्धा भाग कुणी कात्रीने उडवल्यासारखा गायब, कडा करपलेल्या, घड्या धड उलगडलेल्या नाहीत, एका अंगाला वाकडं. अपघातातून उठलेल्या माणसाचा हात असावा तसं. आणि रंग मात्र हिरवा. इतका कोवळा, की त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. त्या सडलेल्या अंधारात, कुणाला काही न कळवता, तो एवढासा जीव महिनोन् महिने हे पान ढकलत होता. गुंडाळणाऱ्याने गुदमरवलं तरी, मुळात फुटायचं की नाही हे त्याचं तोच ठरवत होता. निशिकांतनी फोन डोळ्यांजवळ आणला. देवळात गेल्यावरही इतकं लहान झाल्यासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

“बाबा, आहात ना?”

“आहे.”

“रडताय?”

“हो,” ते म्हणाले. लपवायला काही उरलं नव्हतं.

तीही नाक ओढत हसली. “बाबा, माझा वरणाचा कुकर लागलाय, मला आत जायला हवं. पण तुम्ही फोन नका ठेवू. मी हा इथे खुर्चीवर टेकवते. बघत बसा हवं तेवढं.”

चित्र हललं, डगमगलं आणि स्थिर झालं. मुलीची पावलं लांब गेली, दार लागलं. पडद्यावर आरहूसची सकाळ, कुंपण, आणि मधोमध तो पाम. वारा आला की ते अर्धं पान थरथरायचं आणि पुन्हा उभं राहायचं. साधना चहा घेऊन आली आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. निशिकांत सोफ्यावर जरा सरकले, फोन दोघांच्या मधे धरला, आणि दोघं बघत बसले.