ऋतिकाची पहिली जोडवी आणि मी

फुंकणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच चूल येते, हो ना? मित्रांनो, तिथेच माझा अपमान होतो! मी एक जुनी फुंकणी आहे खरी, पण सोनाराची. वीतभर पितळी नळी, टोकाला वाकवलेली. माझ्यातून दिव्याच्या ज्योतीवर फुंकर मारली की ज्योत लांब, बारीक होते आणि चांदीसुद्धा वितळते.

पोलादपुरात सदूकाका सोनारांच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. किती सासुरवाशिणींची जोडवी मी सांधली! काका मला पुसल्याशिवाय कधी ठेवत नसत. पुढे गॅस आला, तयार दागिने आले आणि माझी रवानगी पत्र्याच्या डब्यात झाली. मी मेली चिडून चिडून काळी पडले.

गेल्या दिवाळीनंतर जवळच्या कुडपण गावची ऋतिका तुटलेलं पैंजण घेऊन आली. बारावी होऊन घरी बसलेली पोर. नेमका गॅस संपला होता, म्हणून काकांनी मला बाहेर काढलं. ज्योत बघून ती जागची हलेना.

"काका, मला शिकवाल?"

"गाल दुखतील गो!"

"दुखू देत."

आणि दुखले की! नाकाने श्वास घ्यायचा, पण गालांतली फुंकर थांबू द्यायची नाही, हे जमायला तिला महिना लागला. तांब्याच्या तारेने बोटं भाजली. पण पहिलं कडं जुळलं तेव्हा, अगं बाई, काय हसली ती! मग रोज पहिल्या एसटीने यायची. खरं सांगते, माझा तिच्यावर फार जीव जडला.

तिच्या आईला, आवडीला, हा सगळा रिकामा उद्योग वाटे. म्हणून चांदीची पहिली जोडवी आईसाठीच करायची, गुपचूप, असं ऋतिकाने ठरवलं. आईच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं, एवढीच तिची आस होती. काका म्हणाले, "घरातली मोड आण." तिने तांदळाच्या डब्याच्या तळातून चांदीचे तुकडे आणले.

"आयेला इचारलंस ना?"

"तिच्यासाठीच तर हायत, काका."

काकांना मोतीबिंदू. त्यांना दिसलं नाही, पण मला दिसलं. पैंजणाच्या तुकड्यांत एक गुळगुळीत झालेला टाक होता. आमच्याकडे अकाली गेलेल्याच्या नावाने चांदीच्या पत्र्यावर मूर्ती उठवून देव्हाऱ्यात ठेवतात, तो टाक. हा ओमचा होता, ऋतिकाच्या जन्माआधी तीन वर्षांचा होऊन गेलेल्या भावाचा. तो करताना आवडी दारात रडत उभी होती, काकांची फुंकर अडखळली आणि टाकाच्या पाठीवर माझ्या ज्योतीचा चट्टा पडला. तोच चट्टा! पुसून पुसून मूर्तीचं तोंड गेलं. असा टाक पूजेत ठेवत नाहीत. तो आटवून नवा करून घ्यायला आवडीचा जीव धजेना, म्हणून तिने तो डब्यात जपून ठेवला होता.

मी ओरडले असते हो. पण मला स्वतःचा आवाज कुठला? ऋतिकाने मला ओठांशी धरलं, आणि तिच्याच फुंकरीने मी तिचा भाऊ वितळवला.

दोन दिवसांनी आवडी मुठीत जोडवी घेऊन दुकानात आली. मागे ऋतिका, रडून डोळे सुजलेले.

"सदूभावजी, ह्यातला माझा ओम तेवढा येगळा काढून द्या."

एकदा मिसळलेली चांदी वेगळी होत नाही. आणि टाकाची चांदी पायात घालायची कशी? काका म्हणाले, "आटवून पुन्हा टाक करतो, वहिनी."

"नको. आता त्याला पुन्हा इस्तव नको."

मग तिने जोडवी उन्हात धरली. बोटाने पीळ चाचपला, सांधा शोधला, तो सापडला नाही.

"लय छान केलीस गो बाय," ती म्हणाली, आणि जोडवी पदरात बांधून निघून गेली.

ऋतिकाही तिच्या मागोमाग गेली. त्या दिवसापासून ती आलेली नाही.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू मोडण्याआधी ती कुणाची, एवढं विचारा. निरुपयोगी दिसणाऱ्या वस्तूतही कुणाचा तरी जीव गुंतलेला असतो. आणि कधी कुडपणला गेलात तर त्या पोरीला माझा एक निरोप द्या. म्हणावं, तुला ठाऊक नव्हतं, बाळा. मला होतं.