पाण्याच्या टाकीवरचं ऊन

मुंगीच्या आईचा देवाचा दिवस शनिवार आणि बाबांचा रविवार. दोघंही ख्रिस्तीच, घरात बायबलही एकच, तरी आठवड्याचा शेवट आला की त्या घराचे दोन भाग व्हायचे. शुक्रवारी सूर्य मावळला की आईचा शब्बाथ लागायचा. दप्तर कपाटात जायचं, टीव्हीवर कापड पडायचं. बाजार, धुणं, अभ्यास, सगळं बंद, ते थेट शनिवारी सूर्य मावळेपर्यंत. मग रविवारी सकाळी बाबांबरोबर त्यांचं चर्च आणि चर्च सुटल्यावर तिथल्या मुलांचा वर्ग. पोरीला आठवड्यात दोन सुट्ट्या होत्या आणि खेळायला एक दुपार नव्हती.

बाबा म्हणजे माझा भाचा. लिफ्ट दुरुस्त करतो. "आठवडाभर मी लोकांना वर नेतो, रविवारी पाळक मला वर न्यायचं बघतात," असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. भाचसून चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. बोलणं थोडं, हात नेमका. मूल मोठं झालं की त्याचं ते ठरवेल, असं दोघांनी लग्नाआधी ठरवलं होतं. मूल मोठं व्हायला वेळ लागतो आणि तोवर त्याला कुठल्या तरी बाकावर बसवावं लागतं, हे तेव्हा कोणी धरलं नव्हतं.

मुंगीची प्राथमिक शाळा संपत आली तेव्हा तो बाक समोर आला. भाच्याला तिला आपल्या चर्चच्या शाळेत घालायचं होतं. तो तिथेच शिकला होता. त्या शाळेत शनिवारी वर्ग भरतात. आईच्या चर्चच्या मंडळींची शाळा दूर पूर्वेकडच्या गावात होती, तिच्या भावाच्या घराशेजारी.

"शनिवारी तिला वर्गात बसवायचं असेल तर मी तिला घेऊन भावाकडे जाते," भाचसून म्हणाली.

"जा की. तुझा भाऊ तिला पुन्हा पाण्यात बुडवायला टपलेलाच आहे. तिचा बाप्तिस्मा झालाय एकदा."

"तो बाप्तिस्मा नव्हता. तान्ह्या बाळाला अंघोळ घातली होती."

"ऐक आत्या, माझ्या पाळकांनी अंघोळ घातली म्हणे."

मुंगी तेव्हा दारापाशी बसून सगळ्यांच्या चपलांच्या जोड्या नीट लावत होती. भांडण लागलं की तिला असं काही तरी काम सुचायचं. तिचं नाव मुंगी पडलं ते त्यामुळेच.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. लहान मुलांना शिकवण्यातच माझी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी मुंगीला शिकवायचे. शिकवणं म्हणजे काय, तिला पानापेक्षा खिडकी जास्त आवडायची, म्हणून आम्ही गच्चीवर काठी उभी करून सावली मोजायचो. घड्याळ माणूस लावतो, सूर्याला कोणी लावत नाही, असं मी तिला सांगितलं होतं. आधी डोळ्यांनी बघ, मग लिही. माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला मी हेच सांगत आले.

तिसरी शाळा मीच शोधली. गावातच होती, कुठल्याच चर्चची नव्हती आणि शनिवार, रविवार दोन्ही दिवस बंद असायची. प्रवेश परीक्षा मात्र देशभर एकच आणि कठीण. मी दोघांना समोर बसवून म्हटलं, "पास झाली तर ती या शाळेत जाईल, घरात राहील. शनिवार तुझा, रविवार याचा. मग कोणी तक्रार करायची नाही."

"आणि नाही झाली तर?" भाच्यानं विचारलं.

"तर मी तिला घेऊन भावाकडे," भाचसून म्हणाली. "मग अडवायचं नाही. शब्द दे."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मुंगीचं गणित पक्कं आहे हे आम्हाला माहीत होतं. "दिला," तो म्हणाला.

परीक्षेची तारीख लागली ती शनिवारची.

भाचसून म्हणाली, शनिवारी नाही. मी परीक्षेच्या कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, अशी मुलं दरवर्षी एक-दोन असतात. त्यांची सोय आहे. सकाळी सगळ्यांबरोबर यायचं, दिवसभर एका वेगळ्या खोलीत बसायचं, म्हणजे प्रश्न कोणाकडून कळायला नकोत. बरोबर घरचं एक माणूस. पुस्तक नाही, फोन नाही, बाहेर जाणं नाही. सूर्य मावळला की तीच प्रश्नपत्रिका. मावळायची वेळ वरून ठरून येते, सगळ्या केंद्रांना एकच.

भाचसुनेनं सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. शनिवारी सकाळी मुंगीच्या वेण्या घालताना ती म्हणाली, "सूर्य मावळेपर्यंत पेन्सिलीला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं."

भाचा कामावर निघाला होता. तो दारातून म्हणाला, "आणि घरी आल्यावर काय झालं ते खरं खरं सांगायचं. चुकलं तर चुकलं. खोटं बोलायचं नाही."

"हो बाबा."

ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक बाक, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, पूर्वेला मोठी खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसायची आणि तिच्यावर सिमेंटची पाण्याची टाकी. आमच्यावर लक्ष ठेवायला एक बाई होत्या. पर्यवेक्षिका. त्यांना सर्दी झाली होती. रुमाल नाकाशी धरून त्यांनी विचारलं, "म्हणजे आज तुमचा रविवार का?"

"आईचा," मुंगी म्हणाली. "बाबांचा उद्या."

"आणि तुझा?"

मुंगीनं विचार केला. "माझा सोमवार. सोमवारी शाळा असते."

बाई हसल्या आणि शिंकल्या.

मी आयुष्यभर मुलांबरोबर खोलीत बसले आहे. पण शिकवायचं नाही, या अटीवर कधी बसले नव्हते. सकाळ कशीबशी गेली. खाली मैदानात बाकीची मुलं पेपर सुटल्यावर गलका करत बाहेर पडली, तो आवाज वर आला आणि विरला. आम्ही डबा खाल्ला. मुंगी खुर्चीवर उलटी बसली, सुलटी बसली, मग जमिनीवर बसली.

"आत्याआजी, फरशा मोजल्या तर तो अभ्यास होतो का?"

"मोजल्या तर नाही. गुणल्या तर होतो."

तिनं एक-एक करून मोजायला घेतल्या. अर्ध्या झाल्यावर थांबली. "आपोआप गुणाकार होतोय गं," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

दुपारी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. "मी पास झाले तर आई आणि बाबा दोघंही घरी राहणार ना?"

"हो."

"आणि मी?"

"तू तर राहशीलच. तुझ्यासाठीच तर हे सगळं."

"मग मी नीट करीन," ती म्हणाली.

खोलीतलं ऊन भिंतीवरून फरशीवर आणि फरशीवरून खिडकीबाहेर केव्हाच गेलं होतं. संध्याकाळी पर्यवेक्षिका बाईंनी घड्याळ पाहिलं, सीलबंद पाकीट उघडलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. दाराला एक उभी काच होती. "इथे बसा," त्या म्हणाल्या, "पण काचेवर टकटक करायची नाही, खुणा करायच्या नाहीत. केल्या तर पेपर रद्द होतो. नियम माझा नाही."

मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. बाईंनी प्रश्नपत्रिका मुंगीसमोर ठेवली. शेजारी पेन्सिल. मुंगीनं पेन्सिलीकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

समोरच्या टाकीवर ऊन होतं.

फिकं नव्हतं, चांगलं पिवळंधमक होतं. वरून आलेली वेळ कुठल्या तरी मोठ्या शहराची असणार, पूर्वेकडच्या. तिथे सूर्य मावळला होता. आमचं गाव पार पश्चिमेच्या टोकाला. आमचा अजून आकाशात होता.

मुंगीनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि टाकीकडे बघत बसली.

बाई थोडा वेळ थांबल्या, मग जवळ जाऊन त्यांनी कागदावर बोट आपटलं. मुंगीनं खिडकीकडे बोट दाखवलं. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मुंगीनं मान हलवली, मोठ्या माणसाचं ऐकून घेतल्यासारखी, आणि हात पुन्हा मांड्यांखाली गेले. बाईंनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? मी उठले, काचेपाशी गेले, हात वर नेला. माझा हात काचेला लागला असता तर पेपर रद्द. आणि लागला असता, तिनं मागे वळून पाहिलं असतं, तर मी काय सांगणार होते? लिही? तिच्या आईचं मोड, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, आणि घरी जाऊन वेळेत सुरू केलं म्हणून सांग? मी हात खाली घेतला. बसले.

टाकीवरचं ऊन वर सरकत होतं. मुंगी त्याच्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि ते जोरजोरात हलत होते. शेवटी टाकीच्या कडेवर पिवळी रेघ राहिली, मग तीही गेली. मुंगीनं पेन्सिल उचलली आणि अशी काही लिहायला लागली की वाकलेली मान पुन्हा वर आली नाही. तोवर बराच वेळ गेला होता.

बाईंनी पेपर काढून घेतला तेव्हा ती अजून लिहितच होती.

रस्त्यात तिनं माझा हात धरला. "भाषेचं सगळं झालं. गणिताचं पहिलं पान झालं. बाकीची येत होती गं मला. बघूनच कळत होतं."

"ठाऊक आहे मला."

"पण ऊन होतं ना."

"होतं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? खरंच होतं.

घरी तिनं सगळं खरं खरं सांगितलं. भाचसून ऐकता ऐकता खुर्चीवर बसली. "अगं, घड्याळात झालं होतं ना? त्यांनी पेपर हातात दिला होता ना? मग चाललं असतं गं बाळा. देवाला कळतं."

"तू म्हणालीस सूर्य मावळेपर्यंत."

"हो, पण..."

"मला विचारलं असतंस तर मी सकाळीच लिही म्हटलं असतं," भाचा म्हणाला.

"तू म्हणालास खोटं बोलायचं नाही. आईनं विचारलं असतं, सूर्य मावळल्यावर लिहिलंस ना, तर मी काय सांगितलं असतं?"

आम्ही तिघांनी तिला एकेक गोष्ट शिकवली होती, तिनं तिन्ही पाळल्या होत्या.

निकालात तिचं नाव नव्हतं. थोड्या गुणांनी गेलं, असं कचेरीतून कळलं. फेरपरीक्षा होत नाही. मी अर्ज केला, कारकुनानं तो घेतला, वाचला आणि म्हणाला, "बाई, वेळ सगळ्यांना सारखीच होती."

रात्री... नाही, रात्रीचं काय सांगायचं, त्या घरातली भांडणं त्या आठवड्यात बंदच झाली. भांडण होत होतं तोवर मला आशा होती. आता दोघं एकमेकांना जपून बोलत होते, पाहुण्यांसारखे.

"राहू दे ना तिला इथेच," मी भाचसुनेला म्हटलं. "याच्या शाळेत शनिवारपुरती सुट्टी मागू. मी जाते बोलायला."

"मी विचारून आले, आत्या. नाही म्हणाले." तिनं डोळे पुसले. "आणि भावानं तिकडे जागा धरून ठेवलीय. काय सांगू त्याला?"

"मग तू तरी अडव," मी भाच्याला म्हटलं.

"शब्द दिलाय. ठरवलं होतंस तूच, आत्या." चिडून नाही, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाला. मी खाली निघून आले.

तिकिटं रविवारचीच मिळाली. भाचा चर्चला गेला नाही, सामान उचलायला थांबला. भाचसून दोनदा म्हणाली, "तू जाऊन ये, आम्ही थांबतो, गाडीला वेळ आहे." तो नाही म्हणाला. इतक्या वर्षांत ती त्याला चर्चला जा म्हणाली नव्हती आणि तो कधी घरी थांबला नव्हता.

आम्ही चौघं लिफ्टमध्ये उभे होतो. दोन पेट्या, एक पिशवी, मुंगीचं दप्तर. भाच्यानं खालचं बटण दाबलं. मुंगीनं माझा पदर ओढला.

"आत्याआजी, मामाचं गाव पूर्वेला आहे ना? म्हणजे तिकडे सूर्य लवकर मावळतो?"

"हो. लवकर."

"म्हणजे तिकडे घड्याळाला आणि सूर्याला एकच वेळ होत असेल." ती थोडा वेळ दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. "मग परीक्षा तिकडे दिली असती तर मी पास झाले असते. आणि इथेच राहिले असते."

भाचसुनेनं तोंड फिरवलं. भाचा लिफ्टच्या भिंतीवरचा एक सैल स्क्रू अंगठ्यानं दाबत होता.

मुंगी माझ्याकडे बघत होती. वर्गात उत्तर दिल्यावर मूल बाईंकडे बघतं, तसं.

"बरोबर," मी म्हणाले.

लिफ्ट खाली टेकली आणि दार उघडलं.