बिनधुराची गाडी

"बाई, पोरगं आमच्या मायकडं देत जाऊ नका. तिला इंजिनाची शिट्टीबी ऐकू येत न्हाई," धनगराच्या धुळाजीनं मला एकदा बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. परळीच्या अलीकडचं आमचं लहानसं स्टेशन, दिवसाकाठी दोनच गाड्या. त्याच्या मायला, भामाबाईला, माळापलीकडचा धूर दिसायचा. गाडी जाऊन तो विरला की मगच ती मेंढरं रुळांपलीकडं घालायची. सकाळी माझ्या भारतला ती कडेवर घेऊन फिरवायची, तेव्हा मी खिडकीतून नजर काढत नसे. पण धूर नेहमी तिलाच आधी दिसे.

मग रुळांवर तेलाची मोटार आणायचं ठरलं. कोळसा नाही, धूर नाही. आमचे हे स्टेशनमास्तर. हैदराबादेहून ह्यांना हुकूम आला, दवंडी द्या. दवंडीवाल्या सटवानं भामाबाईच्या पालापुढंच हलगी बडवून मोटारीची खबर ओरडून सांगितली. तिला वाटलं, वरात निघाली. "कुनाचं लगीन रं?" म्हणत ती दोन पावलं नाचलीसुद्धा. लोक पोट धरून हसले. धुळाजी मोठा कळप घेऊन गोदाकाठी गेलता. मला वाटलं, कुणीतरी तिला खुणेनं समजावेलच.

मोटार आली त्या सकाळी भारत तापानं फणफणून माझ्या मांडीवर होता. भामाबाईनं आभाळ न्याहाळलं. कोरं होतं. तिनं मेंढरं पुढं घातली. मी खिडकीतून ओरडले. कुणासाठी ओरडत होते मी!

ती मागं होती म्हणून वाचली. मेंढरं ओळखू येईनात. मोटारीत पुढं बसलेल्या साहेबांचे दात पडले, आणि खटला उभा राहिला तो त्या दातांचा.

कचेरीत पुकारा झाला, "भामाबाई हाजिर है?" ती समोरच उकिडवी बसली होती. हलली नाही.

"मुजोर औरत है, हुजूर," पोलीस अमीन म्हणाला.

हुजुरांनी ह्यांना दवंडीचं विचारलं, "मुनादी दी गई थी?"

"जी हुजूर. उसीके सामने."

मी पदराआडून कानाला हात लावून खुणावत होते. ह्यांनी पाहिलं आणि मान वळवली. घरी म्हणाले, "बहिरी म्हणालो असतो, तर बहिरीपुढं हलगी कावून वाजवली ते मलाच विचारलं असतं. मग नोकरी गेल्यावर पोराला काय खायला घातलं असतंस? तुझी कॉलेजातली पुस्तकं?"

तिला जिल्ह्याच्या तुरुंगात नेलं. धुळाजी भेटीला गेला, तर दारातूनच हुसकावला. शिक्षा पोळ्याला सरली. ती आली नाही. तिथं म्हणे सुटणाऱ्यांची नावं ओरडतात, उठेल त्याला सोडतात. आमची तर दूर बदली झाली, आणि हे मला जाऊ देत नाहीत.

तुमचं त्या बाजूला जाणं झालं तर बायकांच्या बराकीत डोकावा. नावानं हाक मारू नका. गालावर देवीचे व्रण आहेत, बहुधा आभाळाकडं बघत असेल. समोर जाऊन खांद्याला हात लावा, आणि बघा, ती अजून आहे का.