मोकळीक मंचाचा बंद

मधुकररावांनी पोळीचा पहिला तुकडा मोडला आणि बाहेर चार-पाच मोटारसायकली एकदम येऊन थांबल्या. कुसुमताईंनी तव्यावरची पोळी उलटली, दाराकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला.

राखाडी दुपट्टे घातलेली मुलं पायरीवर उभी राहिली.

"ओ काकू, शटर पाडा ना जी. आज बंद आहे, माहीत नाही का?"

"माहीत आहे," कुसुमताई म्हणाल्या. "पण मले नाई जमत. बुटीबोरीच्या कारखान्यातले पोट्टे दुपारच्या पाळीले इथूनच डबे घेऊन जातात. त्यायनं काय खावं?"

मानेवाडा रोडच्या मागच्या गल्लीतली ही लहानशी खानावळ. संक्रांतीच्या आठवड्यात पत्नी प्रेमलताबाई गेल्या, तेव्हापासून मधुकरराव दोन्ही वेळा इथेच जेवत. समोर येईल ते खायचं, हात धुवायचे, घरी जाऊन खुर्चीत बसायचं. मुलगी फोनवर विचारी, "बाबा, आज काय होतं भाजीला?" त्यांना आठवत नसे. कॉलेजात तीस-एक वर्षं त्यांनी राज्यशास्त्र शिकवलं होतं, आणि त्यातही उदारमतवाद हा त्यांचा खास विषय. पण हल्ली वर्तमानपत्राची घडीसुद्धा ते उलगडत नसत.

मुलांच्या मागून पियुष आत आला. मधुकररावांना पाहून थबकला, आणि पुढे होऊन त्यांच्या पाया पडला.

"सर, तुम्ही इथे? मी घरी गाडी पाठवली होती."

पियुष त्यांचा विद्यार्थी. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा. मोकळीक मंच त्यानेच उभा केला होता. लहान दुकानदारांवर लादलेले नवे परवाने रद्द करा, माणसाच्या वाटेतून सरकारने बाजूला व्हावं, ज्याला जे बोलायचं ते बोलू द्या, अशा मंचाच्या मागण्या होत्या. वर्षभरात शहरभर मंचाचे फलक लागले. आजच्या बंदची सभा जवळच्याच चौकात होती, आणि उदारमतवादाचा खरा वारस मोकळीक मंच आहे, हे मधुकररावांनी तिथे दहा मिनिटं सांगायचं होतं. गेल्या आठवड्यात पियुष घरी येऊन विचारून गेला, तेव्हा ते हो म्हणाले होते. नाही म्हणायला आतून काहीतरी लागतं. ते त्यांच्यापाशी उरलं नव्हतं.

"सर, तुम्हीच समजवा यांना," पियुष म्हणाला. "लढाई यांच्यासाठीच चालू आहे. उद्या परवाना बघायला साहेब दारात उभा राहिला, तर कोण धावून येणार?"

"मी काय तुमच्याविरुद्ध आहो का गा?" कुसुमताईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "तुमच्या मोर्च्यात आली होती मी. पाय सुजेपर्यंत चालली. पण आज मले दुकान चालू ठेवायचं आहे."

"एक दुकान उघडं राहिलं की बाकीचे विचारतात, मग आम्ही काहून बंद ठेवायचं?"

"मंग विचारू द्या ना त्यायले."

पियुष हसला. त्याचे डोळे लाल होते. दोन रात्री झोपला नसावा. त्याने आवाज चढवला नाही. कुसुमताईंनी मधुकररावांकडे पाहिलं.

"सर, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणान तं करतो बंद."

जेवणारे थांबले. मुलंही थांबली. मधुकररावांचा हात ताटातच होता.

"त्यांची इच्छा नाही, पियुष," ते म्हणाले.

"एक दिवसाचा प्रश्न आहे, सर. एकदा आपण जिंकलो की मग कोणी कोणावर जबरदस्ती करणारच नाही."

याच एका वाक्यावर मधुकरराव दरवर्षी पूर्ण तास घेत असत. कुठून सुरुवात करायची, कोणती उदाहरणं द्यायची, सगळं त्यांना अजून पाठ होतं. त्यांनी तोंड उघडलं. मग खाली बघून वरणात पोळी बुडवली.

पियुषने मुलांना मान हलवून खूण केली. जेवणारे भराभर उठले, हात पुसत बाहेर पडले.

"चला सर. लोक जमलेत."

"मी जेवतो आहे."

"सर."

"जेवण व्हायचं आहे माझं."

पियुष पाठ फिरवून बाहेर गेला. मुलांनी बाहेरून शटर खडखडत खाली ओढलं. कुसुमताईंनी भिंतीवरचं बटण दाबून ट्यूबलाइट लावली आणि गॅस मोठा केला. पोळ्या करणं त्यांनी थांबवलं नाही.

थोड्या वेळाने चौकातला भोंगा सुरू झाला. आवाज पियुषचा होता. आमचे सर तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत, त्यांचेच विचार मी मांडतो, असं तो म्हणाला. मग बोलत गेला. राजाच्या लहरीतून कायदा कसा सुटला, सत्तेला कुंपण का लागतं, एकट्या माणसाचं मत का जपायचं. क्रम मधुकररावांचा होता. वाक्यंही त्यांचीच. कुठे थांबायचं, तेही त्याने बरोबर उचललं होतं.

"चांगलं बोलून राहिला ना, सर?" कुसुमताई डब्यात भाजी भरत म्हणाल्या.

"हो. सगळं बरोबर आहे."

"तुमचाच विद्यार्थी."

"माझाच."

"ज्याला नाही म्हणता येत नाही," भोंग्यातून आलं, "त्याच्या होकाराला काही अर्थ नसतो!"

टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजत राहिल्या.

मधुकररावांनी ताट उचललं, मोरीत नेऊन ठेवलं, हात धुतले. दाराशी गेले आणि वाकून शटरखाली बोटं घातली. कुलूप लावल्याचा आवाज आला नव्हता. त्यांनी जोर लावला, पण शटर हललं नाही.

"सर, ते लोक असतील बाहेर."

"असतील," ते म्हणाले. "कुसुमताई, जरा हात लावा."

कुसुमताईंनी गॅस बारीक केला. मग पदराला पीठ पुसून शेजारी येऊन वाकल्या. दोघांनी मिळून ओढल्यावर शटर वीतभर वर आलं आणि अडकलं. फटीतून ऊन आत आलं. बाहेर, अगदी जवळ, चपला घातलेले दोन पाय उभे होते. ते डबा घ्यायला आलेल्याचे होते की पहाऱ्यावर ठेवलेल्याचे, ते नुसत्या पायांवरून कळत नव्हतं. पाय जागचे हलले नाहीत.

"कोण आहे जी?" कुसुमताईंनी हळूच विचारलं.

मधुकररावांनी बोटं आणखी आत सरकवली.

"अजून थोडं," ते म्हणाले.